बिघडलेल्या बिअरची तक्रार: एका जुन्या अधिकाराचा इतिहास

१/
इ. स. १५५६. इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड गावाने हातमोजे बनवणाऱ्या एका कारागिराची एका मानाच्या कामावर नेमणूक केली. गावात विकली जाणारी ‘एल’, म्हणजे त्या काळची बिअर, चाखून पाहायची आणि ती विकण्यायोग्य आहे की नाही ते सांगायचे, हे ते काम. पावाच्या वजनावर लक्ष ठेवणेही त्यातच येई. या परीक्षकाचे नाव जॉन शेक्सपिअर. पुढे आठ वर्षांनी त्याच्या घरी विल्यम नावाचा मुलगा जन्मला. मुलाची कीर्ती जगभर गेली आणि बापाचे ते काम विस्मरणात गेले. हा थ्रेड त्या कामाविषयी आहे.

२/
आज क्राफ्ट बिअरचा ग्लास खराब निघाला, तर गिऱ्हाईक दोनच गोष्टी करते. एक तर ते भिडेपोटी गप्प बसते, अर्धा ग्लास तसाच सोडून बिल भरते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. किंवा घरी जाऊन समाजमाध्यमांवर एक तारा देऊन मोकळे होते. दोन्ही वेळा बिअर बनवणाऱ्याला काहीच कळत नाही. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. चांगली बिअर जिथे जिथे घडली, तिथे पिणाऱ्याची तक्रार बनवणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होती. ती वाट बुजली, तेव्हा बिअर बिघडली. एकदा तर माणसेही दगावली.

३/
प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. ‘खराब बिअर विकणाऱ्याला हम्मुराबी पाण्यात बुडवत असे’ असे वाक्य वारंवार वाचायला मिळते. इ. स. पूर्व अठराव्या शतकातील त्या संहितेचे १०८ वे कलम मद्यालय चालवणाऱ्या स्त्रीविषयी आहे आणि शिक्षाही पाण्यात टाकण्याचीच आहे. पण गुन्हा चवीचा नाही. पेयाच्या मोबदल्यात रीतसर धान्य न घेता चांदी घेणे आणि धान्याच्या मानाने पेय कमी देणे, हा तो गुन्हा. म्हणजे या कलमातली तक्रार मापाची आहे. चवीची दाद कायद्याने घेण्यासाठी आणखी बराच काळ जावा लागला.

४/
इंग्लंडमध्ये तिसऱ्या हेन्रीच्या काळात, साधारण १२६६ च्या सुमारास, पाव आणि एल यांविषयीचा प्रसिद्ध कायदा आला. धान्याचा भाव चढला-उतरला की एलचा भाव किती असावा, हे त्याने ठरवून दिले. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी गावोगावी एल-परीक्षक नेमले जात. त्या काळी एल घरोघरी बने आणि ती बनवणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. हॉप्सविना बनलेली ती एल काही दिवसांतच आंबट होई. त्यामुळे ‘आजची एल कशी आहे’ हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने उभा राही.

५/
रीत सोपी होती. नवी एल तयार झाली की घरावर काठी उभारायची. अनेक ठिकाणी तिच्या टोकाला झुडपाची जुडी बांधत. ती खूण पाहून परीक्षक येई, चाखून पाही आणि मग विक्री सुरू होई. एल पातळ असेल, आंबलेली असेल, माप खोटे असेल, तर प्रकरण गावच्या न्यायसभेपुढे जाई. दंड होई, वारंवार गुन्हा करणाऱ्याला भर चौकात उभे केले जाई. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की परीक्षक बाहेरून आलेला अंमलदार नव्हता. तो त्याच गावचा माणूस होता आणि तीच एल रोज पीत होता.

६/
या परीक्षकांविषयी एक आख्यायिका लोकप्रिय आहे. परीक्षक म्हणे कातडी विजार घालून सांडलेल्या एलच्या थारोळ्यात बसत आणि विजार बाकाला चिकटली की एल नापास करत. गोष्ट गमतीची आहे, पण समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही. खरी साधने तीनच होती: डोळे, नाक आणि जीभ. लंडन शहर आजही चार एल-परीक्षक निवडते. आता ते केवळ समारंभापुरते उरले आहेत; परंतु चवीविषयी बोलणे हे एके काळी सार्वजनिक कर्तव्य होते, याची ती एक खूण आहे.

७/
ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र मानू नये. मध्ययुगीन न्यायसभांच्या नोंदी अभ्यासणाऱ्या ज्युडिथ बेनेट यांनी दाखवून दिले आहे की अनेक गावांत एल विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला नेमाने दंड होई. दोष असो वा नसो, पैसे भरायचे आणि धंदा चालू ठेवायचा. दंडाचा परवाना-शुल्क झाला. गावाच्या तिजोरीत भर पडली, पण एल सुधारली का, हा प्रश्न कोणी विचारीनासे झाले. तक्रार नोंदवली जाते आणि तिच्यामुळे काहीच बदलत नाही, ही अवस्था तक्रारच नसण्याहून वाईट. सगळे सुरळीत चालल्याचा भास मात्र होत राहतो.

८/
बव्हेरियाने दुसरा मार्ग धरला. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग या ड्यूक बंधूंनी फर्मान काढले: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही. आज ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या या फर्मानाचा मोठा भाग प्रत्यक्षात बिअरच्या भावाविषयी आहे. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण साखरेचे मद्य करणारा हा जीव आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

९/
घटक शुद्ध असूनही उन्हाळ्यातली बिअर नासतच राहिली. म्हणून १५५३ मध्ये बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यासच बंदी घातली गेली. कारण समजले नव्हते, पण अनुभव पक्का होता. त्यातून हिवाळ्यात बनवून थंड तळघरांत मुरवलेल्या बिअरची परंपरा बळावली. येथे एक धडा मिळतो. बिअरमध्ये काय घातले, याचा नियम करता येतो. पेल्यात काय उतरले, याची हमी त्या नियमातून मिळत नाही. आजही लेबलवरची घटकांची यादी निर्दोष असते आणि आतली बिअर पुठ्ठ्यासारखी लागू शकते.

१०/
एकोणिसाव्या शतकात बनवणारा आणि पिणारा यांच्यात समुद्र आला. १८२० च्या दशकात बर्टनचा सॅम्युअल अ‍ॅलसॉप हिंदुस्थानासाठी फिकट रंगाची, हॉप्स सढळ घातलेली बिअर पाठवू लागला. पिंपे जहाजावर चढली की आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, कित्येक महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचत. तिथे पिंप उघडल्यावर आत काय निघाले, हे बर्टनमध्ये बसून कळणे अशक्य होते. कलकत्त्याहून येणारी पत्रे हाच त्याचा एकमेव आरसा. हजारो मैलांवरच्या गिऱ्हाइकाचे मत त्या काळी जपून ठेवण्याची वस्तू होती. आज ते एका क्लिकवर येते आणि बहुधा वाचलेही जात नाही.

११/
बिअर का बिघडते, याचे उत्तर द्यायला एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पुढे आला. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला होता. जर्मन बिअरवर मात करील अशी फ्रेंच बिअर घडवायची, या ईर्ष्येने लुई पाश्चर कामाला लागला. सप्टेंबर १८७१ मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला. तिथल्या ‘पोर्टर’ या काळपट बिअरचे यीस्ट त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि यीस्टच्या पेशींत मिसळलेले परके जंतू यजमानांना दाखवले. हे यीस्ट वापराल तर बिअर बिघडणारच, असे त्याने स्पष्ट सांगितले.

१२/
एक परका माणूस, तोही फ्रेंच, लंडनमधल्या नामांकित ब्रुअरीत येऊन तुमचे यीस्ट सदोष आहे असे सांगतो. मालकांना राग येणे स्वाभाविक होते. त्यांनी काय केले? आठवड्याच्या आत पाश्चर पुन्हा तिथे गेला, तेव्हा ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. १८७६ मध्ये पाश्चरने बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा प्रसंग आला आहे. टीका ऐकून कसे वागावे, याचा याहून नेमका वस्तुपाठ बिअरच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्यांनी वाद घातला नाही. तपासण्याचे साधन आणले.

१३/
पुढचे पाऊल कोपनहेगनमध्ये पडले. कार्ल्सबर्गचा संस्थापक जे. सी. याकोब्सन याने १८७५ मध्ये ब्रुअरीला जोडून प्रयोगशाळा उभारली. १८८३ मध्ये खुद्द त्याच्याच बिअरला दोष लागला. तिची चव आणि वास दोन्ही बिघडले. तिथला शास्त्रज्ञ एमिल ख्रिश्चन हान्सेन याने शोध घेतला आणि आढळले की दोष केवळ जिवाणूंचा नाही. चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळले आहे. त्याने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत शोधली. नोव्हेंबर १८८३ मध्ये अशा यीस्टने बनलेली पहिली बिअर तयार होऊ लागली.

१४/
याकोब्सनने ही पद्धत तिजोरीत कुलूपबंद ठेवली असती, तर प्रतिस्पर्धी मागे पडले असते. त्याने उलट केले. शोध प्रसिद्ध होऊ दिला आणि शुद्ध यीस्ट इतर ब्रुअऱ्यांनाही दिले. प्रयोगशाळेतील महत्त्वाचे निष्कर्ष गुप्त ठेवायचे नाहीत, हे त्याचे धोरणच होते. याच प्रयोगशाळेतून पुढे नायट्रोजन मोजण्याची केल्डालची पद्धत आली आणि १९०९ मध्ये सोरेनसेनने आम्लता मोजण्याची ‘पीएच’ मोजपट्टी दिली. शाळेतला प्रत्येक विद्यार्थी जी मोजपट्टी शिकतो, ती एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत जन्मली.

१५/
डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत १८९९ मध्ये विल्यम सीली गॉसेट नावाचा तरुण दाखल झाला. जव, हॉप्स, माल्ट यांची प्रत ठरवायची, पण नमुने मोजकेच हाताशी. मग थोड्या नमुन्यांवरून किती ठामपणे बोलता येते? या प्रश्नावरचे त्याचे उत्तर १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. संख्याशास्त्रातली ‘टी-चाचणी’ ती हीच. तक्रारीबाबतही हा विचार मोलाचा आहे. एक नासलेला ग्लास पुरावा ठरतो का? एकटा क्वचितच. पण एकाच तुकडीतल्या बिअरविषयी चार ठिकाणांहून तेच चार शब्द आले, तर ब्रुअरीने कामाला लागावे.

१६/
इथवरची गोष्ट ऐकून घेणाऱ्यांची झाली. १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या भागात उलट घडले. गरीब वस्त्यांतील शेकडो माणसे हातापायांची आग, बधिरपणा, चालता न येणे आणि कातडी काळवंडणे अशा व्यथा घेऊन दवाखान्यांत येऊ लागली. बहुतेक डॉक्टरांचे निदान तयार होते: अतिमद्यपानाने नसा दुबळ्या झाल्या. पिणारा माणूस आहे, म्हणजे दोष त्याचाच. तक्रार करणाऱ्याची प्रतिष्ठा कमी असली की तक्रारीचे वजनही कमी होते. त्या वर्षी हा पूर्वग्रह जीवघेणा ठरला.

१७/
अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरला एक विसंगती खटकली. कडक दारू पिणारे या रोगाने फारसे आजारी पडत नव्हते. आजारी पडत होते ते स्वस्त बिअर पिणारे. दोष मद्याचाच असता, तर हे उलट दिसायला हवे होते. त्याने बिअर तपासली आणि तिच्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल, सापडला. मग माग काढला गेला. स्वस्त बिअरमध्ये जवाच्या जोडीला वापरली जाणारी साखर गंधकाम्लाने तयार केली जाई. ते गंधकाम्ल सोमलयुक्त खनिजापासून बनले होते. साखर पुरवणारा एक, तिचे गिऱ्हाईक अनेक ब्रुअऱ्या, आणि विष शेकडो गुत्त्यांत.

१८/
सहा हजारांहून अधिक माणसे बाधित झाली आणि किमान सत्तर दगावली. लॉर्ड केल्विनच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग बसला आणि अन्नपदार्थांतील सोमलाला मर्यादा घालण्याची शिफारस झाली. या ब्रुअऱ्यांपैकी कोणीही जाणूनबुजून विष घातले नव्हते. त्यांनी विकत घेतलेली साखर तपासली नव्हती, इतकेच. गुणवत्ता नियंत्रण हा शब्द कोरडा वाटतो. मँचेस्टरच्या त्या वस्त्यांत त्याचा अर्थ ‘घरचा कर्ता माणूस पुन्हा चालू शकेल का’ इतका सरळ होता.

१९/
प्रयोगशाळा आल्यावर जिभेची गरज संपली, असे काहींना वाटले. अमेरिकेतील मिलवॉकीच्या श्लिट्झ कंपनीने हा समज महागात घेतला. १९७० च्या दशकात देशातील अग्रगण्य ब्रुअऱ्यांपैकी ती एक होती. तिने आंबवण्याचा काळ कमी केला, स्वस्त घटक आणले. प्रत्येक बदल इतका लहान, की आधीच्या बिअरशी तुलना करता फरक जाणवू नये. पण लहान लहान बदलांची बेरीज मोठी होते आणि ती बेरीज चाचणी-कक्षापेक्षा जुन्या गिऱ्हाइकाच्या जिभेला आधी कळते.

२०/
१९७६ मध्ये कंपनीने बिअर निवळ ठेवणारा एक पदार्थ बदलला. नवा पदार्थ फेस टिकवणाऱ्या दुसऱ्या पदार्थाशी संयोग पावला आणि बाटलीत पांढरे कण तरंगू लागले. लोकांनी पाहिले, बोलले. कंपनीने आधी मौन धरले. अखेर सुमारे १ कोटी बाटल्या आणि डबे परत घ्यावे लागले. विश्वास परत घेता आला नाही. १९८१ मध्ये मिलवॉकीचा कारखाना बंद पडला आणि १९८२ मध्ये कंपनी विकली गेली. ते कण आरोग्याला घातक आहेत असे कोणी सिद्ध केले नव्हते. कंपनीला घातक ठरले ते मौन.

२१/
त्याच दशकात ब्रिटनमध्ये पिणारे संघटित झाले. मोठ्या कंपन्या सगळीकडे एकच गोडसर, वायू भरलेली, निर्जीव बिअर विकू लागल्या होत्या. १९७१ मध्ये चार तरुणांनी खऱ्या एलच्या रक्षणासाठी ‘कॅमरा’ ही संघटना काढली आणि काही वर्षांतच तिचे हजारो सदस्य झाले. बिअर कुठे नीट राखली जाते, हे सांगणारी मार्गदर्शिका सदस्यांच्या अनुभवांवर तयार होऊ लागली. स्ट्रॅटफर्डचा परीक्षक जणू पुन्हा हजर झाला. फरक इतकाच की या वेळी त्याला गावाने नेमले नव्हते, तो स्वतःहून पुढे आला होता.

२२/
आता प्रश्न भाषेचा. ‘बिअर बेकार आहे’ या वाक्यातून ब्रुअरला काहीही उमगत नाही. १९७९ मध्ये मॉर्टन माइलगार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिअरच्या चवी आणि वासांचे चक्र मांडले. त्यात शंभराहून अधिक शब्द आहेत. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला, तर आंबवण अपुरे राहिले किंवा जिवाणू शिरले. उकडलेल्या कोबीचा किंवा मक्याचा वास आला, तर काढा नीट उकळला गेला नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागली. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे ती घाईने बाहेर काढली. उग्र, कुबट वास म्हणजे बाटलीवर ऊन पडले. एकेक शब्द थेट एकेका टाकीकडे बोट दाखवतो.

२३/
दोष आणि नावड यांतला फरकही जाणावा लागतो. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेनने इंग्रजी बिअरमधून एक वेगळे यीस्ट वेगळे केले आणि त्याला ‘ब्रेटानोमायसिस’ नाव दिले. लागर बिअरमध्ये ते शिरले तर माल फेकावा लागतो. पण मुरलेल्या इंग्रजी एलची खास चव त्याच यीस्टची आहे, असे क्लाउसेनने दाखवले. बेल्जियमची ‘लांबिक’ बिअर आंबट असते, कारण ती तशीच हवी असते. म्हणून ‘मला आंबट आवडत नाही’ ही तक्रार होत नाही. ‘ही बिअर आंबट असायला नको होती, पण आहे’ ही तक्रार होते.

२४/
महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध अलीकडचा आहे. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांच्या तोंडी जो शब्द रुळला, तोच हा. त्यानंतर पुणे-मुंबईत ताज्या बिअरची ठिकाणे वाढत गेली. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मद्यपेयांसाठी स्वतंत्र मानके अधिसूचित केली. कायद्याची चौकट आली, प्रयोगशाळाही आल्या. उणीव राहिली ती नेमके बोलणाऱ्या गिऱ्हाइकाची आणि मोकळ्या कानाच्या मालकाची.

२५/
भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. बिअरच्या बाबतीत ती बिघाडाचीही बहीण ठरते. यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. छोटी ब्रुअरी म्हणजे दोन-चार माणसांचे कष्ट आणि डोक्यावर कर्ज. एका जाहीर टीकेने ती कोलमडू शकते, मग सांभाळून घ्यायला नको का? जरूर घ्यावे. पण सांभाळून घेणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. पहिल्यांदाच बिअर पिणारा माणूस तो पुठ्ठ्याच्या वासाचा ग्लास चाखतो आणि ‘क्राफ्ट बिअर अशीच लागते’ असे ठरवून निघून जातो. मित्रांच्या तोंडदेखल्या कौतुकाने ब्रुअरीचे असे किती नुकसान होते, याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

२६/
म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वाढणाऱ्याला सांगावे, कारण दोष अनेकदा ब्रुअरीत नसतो. न धुतलेल्या नळीत किंवा तेलकट ग्लासात असतो. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास अस्वच्छ आहे असे समजावे. बाटली किंवा डबा असेल, तर तुकडी क्रमांक, भरल्याची तारीख, खरेदीचे ठिकाण आणि ती उन्हात होती की थंडाव्यात, हे नोंदवून थेट ब्रुअरीला कळवावे. उरलेली बिअर झाकून ठेवावी. उत्तर द्यायला वेळ द्यावा. उत्तर आलेच नाही, तर जाहीर बोलण्याचा हक्क शाबूत आहे. आरोग्याला धोका दिसला, तर मात्र क्षणभरही न थांबता अन्न व औषध प्रशासनाकडे जावे.

२७/
ब्रुअरीची जबाबदारी याहून मोठी आहे. प्रत्येक तुकडीतल्या काही बाटल्या राखून ठेवाव्यात. तक्रार आली की त्याच तुकडीतली बाटली उघडून चाखावी. तक्रार खरी निघाली, तर तसे कबूल करून माल परत घ्यावा. खोटी निघाली, तर कारण समजावून सांगावे. फुकट बिअरचे कूपन देऊन तोंड बंद करणे म्हणजे मध्ययुगीन गावचा तो नेमाचा दंडच. पैसे हात बदलतात आणि टाकी जशीच्या तशी राहते. व्हिटब्रेडने सूक्ष्मदर्शक आणला, याकोब्सनने प्रयोगशाळेचे दार उघडे ठेवले. दोघांचीही बिअर आधी सदोष होती, हे त्यांच्या मोठेपणाच्या आड आले नाही.

२८/
जॉन शेक्सपिअरचे ते काम आता मागे पडले आहे. प्रयोगशाळेतले यंत्र जिवाणू मोजते, आम्लता मोजते. पण हा ग्लास संपवावासा वाटतो की नाही, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगणारी जीभ समोरच्या गिऱ्हाइकाचीच आहे. तिने नेमके, सभ्य आणि वेळेवर बोलावे. मँचेस्टरला ती बोलली तेव्हा कोणी ऐकले नाही, मिलवॉकीला ऐकूनही कोणी उत्तर दिले नाही. पुण्या-मुंबईच्या तरुण ब्रुअऱ्यांपुढे अजून दोन्ही वाटा खुल्या आहेत.